निळ्या बाळांची शस्त्रक्रिया आणि बंद दारे



बागेला पाणी घालताना रबरी नळी मधेच चिमटीत धरली तर काय होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. टाकी तितक्याच उंचीवर असते, तोटी पूर्ण उघडी असते, नळीची लांबीही बदललेली नसते. तरी पाणी एकदम कमी येते. बदललेली असते ती फक्त एका ठिकाणची रुंदी.

प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्या घेऊन या गोष्टीचा काटेकोर अभ्यास केला. त्याला मुळात कुतूहल होते ते शरीरातील रक्तप्रवाहाचे. त्याला असे आढळले की दोन टोकांमधील दाबाचा फरक, नळीची लांबी आणि द्रवाचा दाटपणा कायम ठेवला, तर वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी केली की प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा हिस्सा उरतो. दोनाचा चौथा घात सोळा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. रक्तवाहिन्या लवचिक असतात आणि रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही, म्हणून शरीरात हा नियम ढोबळ मानानेच लागू पडतो. पण अरुंद जागा किती घातक ठरू शकते, हे समजण्यास तो पुरेसा आहे.

या लेखात आपण दोन अडथळ्यांचा विचार करणार आहोत. पहिला अडथळा लहान मुलांच्या हृदयातील. दुसरा, तो अडथळा दूर करण्यास ज्याने सर्वांत मोठा हातभार लावला, त्या माणसाच्या वाटेतील.

निळे बाळ म्हणजे काय?

आपल्या हृदयाचे काम दोन पंपांसारखे चालते. उजवा पंप शरीरातून आलेले, ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. तेथे ऑक्सिजन घेऊन आलेले रक्त डावा पंप सर्व शरीराला पुरवतो. दोहोंच्या मध्ये पडदा असल्यामुळे दोन्ही रक्तांची सरमिसळ होत नाही.

काही मुले जन्मतःच सदोष हृदय घेऊन येतात. अशा एका विकारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असते आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. सर्व शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी आपल्या जागेवरून सरकून पडद्याच्या भोकावर आलेली असते आणि उजव्या कप्प्याची भिंत जास्त काम करून जाड झालेली असते. चार दोष एकत्र असतात. आता प्वाझयचा नियम आठवा. फुप्फुसांची वाट अरुंद, म्हणून तिकडे रक्त फार थोडे जाते. उरलेले ऑक्सिजनहीन रक्त पडद्याच्या भोकातून थेट महारोहिणीत शिरते आणि शरीरभर फिरते. ऑक्सिजन नसलेले हीमोग्लोबिन काळपट असते. त्यामुळे मुलाचे ओठ, नखे, जीभ निळसर दिसतात. म्हणून अशा मुलांना ‘निळी बाळे’ म्हणत. चार पावले चालले की ती धापा टाकत व उकिडवी बसत. त्यांतील पुष्कळशी मुले लहानपणीच दगावत.

१९४३ च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ अशा मुलांवर उपचार करीत होत्या. अरुंद वाट रुंद करता येत नसेल, तर फुप्फुसांकडे रक्त नेणारी दुसरी वाट काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे मांडला.

उपाय असा निघाला. डाव्या किंवा उजव्या हाताला रक्त पुरवणारी रोहिणी कापायची आणि तिचे मोकळे टोक फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीच्या बाजूस शिवायचे. प्रौढ निरोगी माणसात शरीराच्या मोठ्या रोहिण्यांतील सरासरी दाब सुमारे ९० ते १०० मिलिमीटर पारा असतो, फुप्फुस रोहिणीत तो १५ च्या आसपास असतो. लहान मुलांत आकडे वेगळे असले तरी दाबाचा फरक असतोच. म्हणजे जोड दिला की रक्त आपोआप जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, फुप्फुसांकडे वाहणार. अर्धवट ऑक्सिजन असलेल्या रक्ताला फुप्फुसातून जाण्याची आणखी एक संधी मिळणार. हाताचे काय? खांद्याभोवतीच्या लहान रोहिण्या हळूहळू ते काम अंगावर घेतात.

कल्पना सोपी वाटते. पण त्या मुलीच्या रक्तवाहिन्या काडीएवढ्या बारीक होत्या. शिवण घट्ट झाली तर वाट पुन्हा अरुंद, सैल झाली तर रक्तस्राव.

२९ नोव्हेंबर १९४४ या दिवशी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. ती मुलगी त्यातून बरी होऊन घरी गेली, मात्र काही महिन्यांनी दुखणे उलटले आणि ती वाचली नाही. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. जोड मोकळा होताच त्याचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मे १९४५ मध्ये या तीन रुग्णांची हकीकत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लेखक दोन: ब्लेलॉक आणि टॉसिग. पुढे जगभरातून आईबाप आपली मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

मागे उभा असलेला माणूस

त्या पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लेलॉक यांच्या मागे, एका लहान स्टुलावर उभा राहून एक माणूस त्यांच्या खांद्यावरून पाहत होता. टाका कोठे घ्यावा, सुई कोणत्या दिशेने न्यावी, हे ब्लेलॉक त्याला विचारत आणि तो सांगत असे. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस. तो डॉक्टर नव्हता. तो कॉलेजातही गेलेला नव्हता. तो कृष्णवर्णीय होता.

थॉमस यांचा जन्म १९१० सालचा. वडील सुतारकाम करीत आणि मुलगाही ते काम शिकला. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात त्यांचे हायस्कूल पूर्ण झाले. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी पैसे साठवले होते. १९३० च्या फेब्रुवारीत तेथल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तात्पुरती नोकरी धरली. त्याच वर्षी मंदीत बँक बुडाली आणि साठवलेले पैसे गेले. तात्पुरती नोकरी कायमची झाली.

ब्लेलॉक यांनी त्यांना शस्त्रक्रिया, शरीररचना आणि मोजमापे शिकवली. थॉमस लवकरच स्वतः प्राण्यांवर अवघड शस्त्रक्रिया करू लागले. जखमी माणसाला ‘शॉक’ का बसतो, या प्रश्नावर दोघांनी मूलभूत काम केले. रक्त व त्यातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर गेल्याने शॉक येतो, तेव्हा रक्त किंवा प्लाझ्मा देणे हाच उपाय, असा त्याचा निष्कर्ष होता. दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाने असंख्य सैनिक वाचले. मात्र विद्यापीठाच्या कागदपत्रांत थॉमस यांची जागा सफाई कामगाराची होती आणि पगारही त्याच श्रेणीचा.

याच काळात, १९३८ च्या सुमारास, दोघांनी कुत्र्यांमध्ये हाताची रोहिणी फुप्फुस रोहिणीला जोडून पाहिली होती. हेतू निराळाच होता. फुप्फुसातील दाब मुद्दाम वाढवायचा होता. तो वाढला नाही आणि प्रयोग फसला. पण फसलेला प्रयोग फुकट जात नाही. टॉसिग यांचा प्रश्न आला तेव्हा उपयोगी पडला तो हाच जोड.

१९४१ साली ब्लेलॉक हॉपकिन्सला गेले ते थॉमस यांना बरोबर घेऊनच. तेथे निळ्या बाळांसारखी स्थिती कुत्र्यांमध्ये निर्माण करणे आणि मग तो जोड देऊन ती सुधारणे, हे काम थॉमस यांच्याकडे आले. सुमारे २०० कुत्र्यांवर त्यांनी हे प्रयोग केले. इतक्या बारीक वाहिन्यांसाठी योग्य सुया मिळेनात, म्हणून त्यांनी सुयांचे तुकडे करून, घासून, टोके काढून घेतली. सुताराचा हात येथे कामी आला. या शस्त्रक्रियेचा सराव त्या दिवशी जगात इतर कोणाहीपेक्षा थॉमस यांना अधिक होता. म्हणूनच ब्लेलॉक यांना ते मागे उभे हवे होते.

१९४५ च्या त्या लेखात थॉमस यांचे नाव कोठेही नाही.

वाट कोठे अडत होती?

तुम्ही विचाराल, मग थॉमस डॉक्टर का झाले नाहीत? त्यांनी प्रयत्न केला. १९४७ साली त्यांनी एका कॉलेजात चौकशी केली. सतरा वर्षांच्या अनुभवाबद्दल कोणतीही सूट मिळणार नाही, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल, असे उत्तर मिळाले. कॉलेज, मग वैद्यकीय शिक्षण, असे करता वयाची पन्नाशी आली असती. घरी बायको व दोन मुली होत्या. त्यांनी तो विचार सोडला.

पण ही एका माणसाच्या दुर्दैवाची गोष्ट नव्हे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी १९१० साली सात वैद्यकीय शाळा होत्या. त्या वर्षी फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील प्रसिद्ध अहवाल आला आणि पुढील काही वर्षांत त्यांतील पाच बंद झाल्या. वॉशिंग्टनची हॉवर्ड आणि नॅशव्हिलची मेहॅरी एवढ्या दोनच उरल्या. अहवालाने निकृष्ट शिक्षणावर टीका केली ती अनेक ठिकाणी योग्यही होती. पण गोऱ्यांची एक शाळा बंद झाली तर दुसरी उघडी असे. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला इतर बहुतेक दारे आधीच बंद होती.

पदवी मिळाली तरी वाट मोकळी होत नसे. डॉ. चार्ल्स ड्रू यांचे उदाहरण घ्या. रक्त साठवण्याच्या पद्धतीवर प्रबंध लिहून १९४० साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकातील उच्च पदवी मिळवली. त्याच वर्षी ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याची मोठी योजना त्यांच्या देखरेखीखाली पार पडली. परंतु अमेरिकन सैन्यासाठी रक्त गोळा करताना प्रथम कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारण्यात आले, नंतर स्वीकारले ते वेगळे ठेवण्याच्या अटीवर. याला शास्त्रीय आधार नाही, असे ड्रू यांनी स्पष्ट सांगितले. रक्तगट ए, बी, एबी आणि ओ असतात. कातडीच्या रंगाचा गट नसतो. ड्रू पुढे हॉवर्ड विद्यापीठात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी तरुण शल्यचिकित्सकांची एक पिढी घडवली. तरी स्थानिक वैद्यक संघटनेने त्यांना सभासद करून घेतले नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे सदस्यत्व त्यांना मिळाले १९५१ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी.

सभासदत्वात एवढे काय मोठे, असे वाटेल. पण अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करण्याची परवानगी अशा सभासदत्वावर अवलंबून असे. शस्त्रक्रिया करायला मिळाली नाही तर हात तयार होत नाही, हात तयार झाला नाही तर नाव होत नाही आणि नाव नाही म्हणून प्राध्यापकाची जागा नाही. एक अडथळा पुढच्या अडथळ्याला जन्म देतो. अमेरिकन वैद्यक संघटनेने या जुन्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली ती २००८ साली.

पायऱ्यांचे गणित

आता थोडे गणित करू. अमेरिकेत शस्त्रक्रियेचा प्राध्यापक होण्यास कॉलेज, वैद्यकीय शाळा, रुग्णालयातील पाच किंवा अधिक वर्षांची उमेदवारी, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक अशा पायऱ्या चढाव्या लागतात. समजा अशा पाच पायऱ्या आहेत आणि दोन गटांत प्रत्येकी १००० सारख्याच हुशार मुली-मुलगे आहेत. पहिल्या गटातील निम्मे प्रत्येक पायरी पार करतात. दुसऱ्या गटाला प्रत्येक पायरीवर थोडासाच अडथळा आहे. १०० पैकी ५० ऐवजी ४० वर जातात. हे आकडे मी केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. पाचव्या पायरीनंतर पहिल्या गटातील ३१ उरतात, दुसऱ्या गटातील फक्त १०. प्रत्येक ठिकाणचा फरक लहान, पण शेवटी एक तृतीयांशच उरले. येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आता खरे आकडे पाहा. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. २०१८ साली तेथील डॉक्टरांत ते ५ टक्के होते आणि वैद्यकीय शाळांच्या अध्यापकांत ४ टक्क्यांहूनही कमी. शस्त्रक्रियेच्या पूर्ण प्राध्यापकांत ते आणखी खाली जाते. कायद्याने दार उघडले आहे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर उघड बंदी राहिलेली नाही, तरी हे घडते. कारण पायऱ्यांवरचे लहान अडथळे दिसत नाहीत. कोणत्या शिकाऊ डॉक्टराला अवघड शस्त्रक्रियेत हात घालू द्यायचा, शिफारसपत्रात कोणता शब्द लिहायचा, संशोधनात कोणाला बरोबर घ्यायचे, हे कोणीतरी माणूसच ठरवतो. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन अनुदानासाठी आलेल्या अर्जांची त्यात छाननी होती. शिक्षण, अनुभव, प्रसिद्ध झालेले लेख इत्यादी बाबी जमेस धरल्यावरही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांच्या तुलनेत १० टक्के अंकांनी कमी आढळली. अनुदान नाही तर संशोधन नाही आणि संशोधन नाही तर बढती नाही.

येथे एखादा हुशार विद्यार्थी शंका काढील: कदाचित पात्रताच कमी असेल, कशावरून नाही? शंका रास्त आहे, तिला उत्तरही शास्त्रीय हवे. थॉमस यांच्या एका उदाहरणाने सर्वसाधारण नियम सिद्ध होत नाही, हे खरे. पण ‘पदवी नाही म्हणजे पात्रता नाही’ हे विधान खोडून काढण्यास एक उदाहरण पुरते. अडथळ्यापलीकडे पाणी कमी येते म्हणून टाकीत पाणी नाही, असा निष्कर्ष आपण काढत नाही. आधी नळी तपासतो.

उशिरा उघडलेली दारे

थॉमस यांनी हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत कित्येक तरुण शल्यचिकित्सकांना हात कसा चालवावा ते शिकवले. पहिल्या शस्त्रक्रियेत मदतीस असलेले डेंटन कूली हे त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक. कूली यांनी १९६९ साली माणसाच्या शरीरात पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले. विद्यार्थी प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. शिकवणारा तंत्रज्ञच राहिला. शेवटी १९६८ साली त्याच विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन थॉमस यांचे तैलचित्र करवून घेतले आणि ते ब्लेलॉक यांच्या चित्राशेजारी लावले गेले. १९७६ साली हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. नियमांमुळे ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. त्याच सुमारास शस्त्रक्रियेचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९८५ साली ते वारले.

हॉपकिन्सच्या वैद्यकीय शाळेतून पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले ते १९६७ साली, त्या शस्त्रक्रियेनंतर तेवीस वर्षांनी. व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय शाळेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर १९७० साली झाले. त्यांचे नाव लीव्हाय वॉटकिन्स. ज्या विद्यापीठात थॉमस सफाई कामगाराच्या श्रेणीवर राबले, तेथून ते डॉक्टर होऊन निघाले आणि हॉपकिन्सला आले. तेथे थॉमस त्यांचे मार्गदर्शक झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये वॉटकिन्स यांनी एका रुग्णाच्या शरीरात, ठोके बिघडताच आपोआप विजेचा धक्का देऊन हृदय ताळ्यावर आणणारे उपकरण बसवले. माणसात असे उपकरण बसवण्याची ती पहिलीच वेळ. १९७९ पासून ते वैद्यकीय शाळेच्या प्रवेश समितीवर होते. पात्र कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शोधून, पत्रे लिहून, बोलावून आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि काही वर्षांत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. विद्यार्थी तेव्हा एकाएकी हुशार झाले नव्हते. नवी वाट काढली गेली होती.

इतरत्रही दारे उघडली. १९८९ साली कृष्णवर्णीय शल्यचिकित्सक प्राध्यापकांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. १९९५ साली डॉ. लासाल लेफॉल हे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. ड्रू यांच्याकडे शिकलेल्यांपैकीच ते एक. ज्या संस्थेने गुरूला हयातीत सदस्यत्व दिले नाही, तिचे अध्यक्षपद शिष्याकडे आले.

निळ्या बाळांसाठी काढलेल्या त्या जोडाला दीर्घकाळ ब्लेलॉक-टॉसिग असे नाव होते. आज अनेक शल्यचिकित्सक व पुस्तके ‘ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग जोड’ असे म्हणतात. आता त्यासाठी बहुधा कृत्रिम नळी वापरतात. ती किती रुंद घ्यावी याचा फार विचार करावा लागतो, कारण चौथ्या घाताचा नियम तेथे जागाच असतो.

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. तेव्हा हा प्रश्न दूरचा आहे असे आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी समजण्याचे कारण नाही. उद्या प्रयोगवहीत निष्कर्ष लिहाल तेव्हा उपकरण कोणी मांडले, वाचने कोणी घेतली, चूक कोणी शोधली, त्या सर्वांची नावे लिहा. विज्ञानात मोजमाप खरे असावे लागते, तसेच नावही खरे असावे लागते.

विचार करा

१. एका नळीची त्रिज्या एक तृतीयांश केली, इतर सर्व तेच ठेवले, तर प्रवाह किती पट कमी होईल?

२. पाच पायऱ्यांच्या उदाहरणात दुसऱ्या गटातील १०० पैकी ४० ऐवजी ४५ जण प्रत्येक पायरी चढले, तर शेवटी १००० पैकी किती उरतील? आलेल्या उत्तराची ३१ शी तुलना करा.

३. तुमच्या शाळेत किंवा गावात एखाद्या कामाचे श्रेय एकाला आणि कष्ट दुसऱ्याचे, असे उदाहरण आहे का? वर्गात चर्चा करा. शिक्षकांनी शेवटी बोलावे.